ओळख पटेपर्यंत

घरातला माणूस नेमका कोण, हा प्रश्न रहस्यकादंबरीच्या कितीतरी आधी महाभारतातल्या दमयंतीला पडला होता. ऋतुपर्ण राजाचा कुरूप सारथी बाहुक कुंडिनपुरात येतो, तेव्हा ती एकदम त्याच्यासमोर जात नाही. आधी केशिनी या दासीला त्याच्यावर नजर ठेवायला लावते. त्याने पाहताच रिकामी भांडी पाण्याने भरतात, चुरगाळलेली फुले त्याच्या हातात अधिकच टवटवीत होतात, हे ऐकूनही ती थांबत नाही. त्याने रांधलेले मांस मागवते, चाखते आणि मगच त्याच्यात आपला पती नळ ओळखते. जोडीदाराच्या गुपितांवर रचलेल्या आपल्याकडच्या कथेचा उगम मी इथे मानतो.

पुढचा टप्पा मात्र खऱ्या इतिहासातला आहे. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई परतल्या, पण त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. काही वर्षांनी ‘भाऊ मीच’ म्हणणारा एक माणूस उभा राहिला. त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात अडकवून ठेवले. 1776 मध्ये तो तिथून सुटला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले आणि पेशवाई हादरली. रघूजी आंग्र्यांनी त्याला पकडले, पुण्यात चौकशी झाली आणि त्याच वर्षी त्याला देहदंड मिळाला. पार्वतीबाई 1783 पर्यंत जगल्या, त्या सौभाग्याची लेणी ठेवूनच. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. मला स्वतःला त्या बंडापेक्षा पार्वतीबाईंची बावीस वर्षे अधिक अस्वस्थ करतात. दमयंतीला पारख करता आली. इथे मात्र नवरा कोण, याचा निवाडा दरबाराचा होता.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये या प्रश्नाला कादंबरीचे घर मिळाले. ‘जेन एअर’ 1847 ची, ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’ 1862 ची. पहिलीत नवरदेवाची आधीची बायको माळ्यावर कोंडलेली, दुसरीत गुपित खुद्द पत्नीचे. आपल्याकडे गो. ना. दातारशास्त्र्यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कथा मराठीत रुजवल्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड यांचा मुलूख घराबाहेरचा होता.

घरातल्या गुपिताची मराठी कथा शोधायला आता आपण जयसिंगपूरच्या परिसरात येऊ. शाहू महाराजांनी 1917 मध्ये वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या, नावाने वसवलेले हे आखीव रस्त्यांचे बाजारगाव कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर आहे. नव्याने वसलेल्या पेठेत माणसे ठिकठिकाणांहून येतात आणि त्यांचे पूर्वायुष्य दुसऱ्याच गावी राहते. जोडीदाराच्या गुपितांच्या कथेला अशी भूमी मानवते. शेजारच्या मिरजेत 1910 मध्ये जन्मलेल्या राजा परांजपे यांनी जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर 1964 मध्ये ‘पाठलाग’ काढला. वकिलाची पत्नी वारलेली आहे आणि गुन्हेगार म्हणून पकडलेली, हुबेहूब तिच्यासारखी स्त्री म्हणते, मीच तुमची बायको. दोघांनाच ठाऊक असलेल्या संसारातल्या गोष्टी ती सांगू लागते आणि नवऱ्याची खात्री डळमळते. पारख करणारा आता पती आहे, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहून बोलते ती पत्नी. दोन शतकांपूर्वी पार्वतीबाईंना न मिळालेली जागा या कथेने बायकोला दिली, म्हणून मी तिला मराठी रहस्यकथेचे खरे वळण समजतो. डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या या चित्रपटावरून 1965 मध्ये तमिळ ‘इदय कमलम’ आणि 1966 मध्ये राज खोसलांचा ‘मेरा साया’ निघाला. ‘मेरा साया’तले साधनाचे ‘झुमका’ गाणे देशभर गेले. देवकुळ्यांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही, याची खंत वाटते.

आजचा वाचक 2012 च्या ‘गॉन गर्ल’पर्यंत आला आहे. त्या कादंबरीतली पत्नी खोटी रोजनिशी लिहून ठेवते आणि नवरा खुनाच्या संशयात सापडतो. चव असो की एकांतातली आठवण, जी खूण केवळ जोडीदारापाशी असते ती बनावट असणार नाही, हे दमयंतीपासून ‘पाठलाग’पर्यंत सगळ्यांनी गृहीत धरले होते. इथे बायको ती खूणच स्वतःच्या हाताने बनवते, आणि पोलीस ती पुरावा म्हणून वाचतात.