सालीवरची लिपि

गोड्या मसाल्यांतलें दगडफूल आपल्या घरोघरीं ठाऊक असतें. तें ज्या वर्गांतलें, त्या वर्गास शास्त्रीय परिभाषेंत शैवाक म्हणतात. परंतु त्याचेंच एक दूरचें आप्त नित्य दृष्टीस पडूनही अनोळखी राहतें. झाडाच्या गुळगुळीत सालीवर पांढुरका डाग असतो आणि त्यावर बोरूनें घाईघाईनें ओढावे तसे काळे, वांकडे फटकारे. लिनीअसनें १७५३ सालीं यास ‘लिहिलेलें शैवाक’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. १७६३ मध्यें आदांसॉंनें लेखणीवाचक ग्रीक शब्दावरून ‘ग्राफिस’ ही प्रजाति स्थापिली. लिपि म्हटली कीं वाचक हा आलाच. आणि या लिपीच्या वाचकांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

तिचें वाचन अगत्यानें करणाऱ्यांत फे नांवाचा एक फ्रेंच औषधशास्त्रज्ञ होता. त्या काळीं हिंवतापावर खात्रीचा उपाय म्हणजे दक्षिण अमेरिकेंतून येणारी सिंकोनाची साल. तींत भेसळ फार होई, आणि खोटी साल म्हणजे रोग्याच्या जिवाशीं खेळ! फे यानें पाहिलें कीं गठ्ठ्यांतून येणाऱ्या सालींवर त्या त्या अरण्यांतील शैवाकें चिकटून आलेलीं असतात. मग त्यांच्यावरूनच साल कां ओळखूं नये? या विचारानें त्यानें परदेशी औषधी सालींवरील अपुष्प वनस्पतींविषयीं १८२४ मध्यें एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

कल्पना चतुर होती, पण तिचा पाया कच्चा होता. एकच शैवाक अनेक जातींच्या झाडांवर उगवतें. सालीचा पोत, छाया आणि ओलावा यांवर तें अवलंबून असतें. शिवाय १८२० मध्येंच पेल्तिए व काव्हांतू यांनीं पॅरिसमध्यें सिंकोनाच्या सालींतून क्विनीन वेगळें काढलें होतें. पुढें सालीचें मोल तिच्यांत क्विनीन किती यावरूनच ठरूं लागलें. औषधाच्या व्यापारास फेच्या लिपीची गरज उरली नाहीं. परंतु उष्ण प्रदेशांतील या कुळाच्या अभ्यासकास मात्र त्याचा ग्रंथ टाळून पुढें जातां येत नाहीं.

दुसरा प्रसंग याहून विलक्षण आहे. शैवाक ही एक स्वतंत्र वनस्पति नसून बुरशी व शैवल यांचा संसार आहे, असें श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानें १८६७ मध्यें सांगितलें. त्या काळचा अग्रगण्य शैवाकतज्ज्ञ नायलँडर यास तें १८९९ मध्यें मरेपर्यंत पटलें नाहीं. ज्यानें हीं अक्षरें जन्मभर न्याहाळलीं, त्यालाच त्यांचे लेखक दोन आहेत हें मानवेना! आज आपण जाणतों कीं ते काळे फटकारे म्हणजे बुरशीचीं फळें होत. त्यांच्या मधल्या चिरेंतून बीजुकें बाहेर पडतात. अन्न पुरविणारें शैवल तर डागाच्या पोटांत दडलेलें असतें.

त्यानंतर रेघांच्या आकाराऐवजीं बीजुकांकडे पाहण्याची रीत आली. बीजुक रंगहीन कीं तपकिरी, त्याचे पडदे आडवेच कीं उभे-आडवे, एवढ्यावरून चार प्रजाति पाडल्या गेल्या. शंभरावर वर्षें चाललेली ती व्यवस्थाही २००२ मध्यें बेटिना स्टायगर यांच्या ग्रंथानें मोडली, आणि जनुकांच्या तुलनेनें पुढें आणखी फेरफार झाले. सह्याद्रींतील या कुळाच्या अभ्यासांत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचाही वांटा आहे.

फे यास त्या रेघांत सालीची साक्ष हवी होती, नायलँडरला एकच लेखक हवा होता, बीजुकवाल्यांस सुटसुटीत कोष्टक हवें होतें. बुरशीनें मात्र हीं अक्षरें कोणासाठींच लिहिलीं नव्हतीं. तरीही या मंडळींचे श्रम वायां गेले असें म्हणवत नाहीं. त्यांचे निष्कर्ष कालांतरानें गळाले, पण त्यांनीं डोळ्यांनीं पाहून जें प्रामाणिकपणें टिपून ठेविलें, त्याच्याच आधारें पुढच्यांना त्यांच्या चुका दाखवितां आल्या. अभ्यासकाला याहून अधिक काय मागतां येईल?