टॅको, हरसूल आणि चुन्याची डबी

गेल्या शनिवारी हरसूलला आत्याकडे गेलो होतो. (त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं, नागली-भाताचं हरसूल.) आतेबहिणीने फर्मान सोडलं, "दादा, तुमच्या शहरात मिळतो तसला टॅको करून घाल." म्हटलं, त्यात काय! मक्याचं पीठ मळलं, लाटलं... आणि तुकडे!

"अरे, या पिठाला विरी नाही. नागलीसारखं गरम पाण्यात मळ," आत्या म्हणाली. मग थापलं गेलं खरं, पण तळताना दुमडलं तर परत मोडलं.

आता बग सापडेपर्यंत मला कुठली झोप! रात्री वाचत बसलो. तळून दुमडलेला कडक टॅको जगभर नेला तो अमेरिकन फास्ट-फूडनं. ग्लेन बेल यांनी १९६२ साली कॅलिफोर्नियात टॅको बेल काढलं, ते भारतात २०१० साली बंगळुरूला आलं. पण आतली टॉर्टिया हजारो वर्षं जुनी. तिच्यासाठी मेक्सिकोत मका नुसता दळत नाहीत. आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सालं चोळून धुतात आणि ओलाच वाटतात. चुन्यानं साल सुटते, पीठ चिकटून येतं. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं, एरवी ते बरंचसं वाया जातं.

१४९२ नंतर मका जहाजातून युरोपात गेला, चुना मात्र मागे राहिला. आमच्या भाषेत, कोड आला पण डॉक्युमेंटेशन नाही! याची किंमत गरिबांनी मोजली. १७३५ साली स्पेनमध्ये गास्पार कसाल या डॉक्टरांनी एका नव्या रोगाची नोंद केली: कातडी सोलवटते, जुलाब होतात, भ्रम होतो, माणूस मरतो. हाच पेलाग्रा. पुढे इटलीत आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे जिथे गरीब माणूस जवळजवळ मक्यावरच जगत होता तिथे तिथे तो पसरला. संसर्ग आहे असंच अनेकांना वाटे. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ साली मिसिसिपीतल्या कैद्यांवर आहाराचा प्रयोग करून दाखवलं की दोष ताटात आहे. नायसिनचा उलगडा व्हायला १९३७ साल उजाडलं. आणि मेक्सिकोतल्या बायका तर पिढ्यान् पिढ्या मक्यात चुना घालत होत्या!

आपल्याकडेही मका, मिरची, टोमॅटो, राजमा सगळं अमेरिका खंडातूनच आलं, चुन्याची ती रीत काही आली नाही. हरसूलच्या ताटात नागली, भात, वरई, उडीद होते, मका एकटा नव्हता, हे नशीब.

तेवढ्यात डोळ्यांसमोर आली आत्याची तंबाखूची चंची. त्यात चुन्याची डबी! कोंबड्यांसाठी आणलेला सुका मका घरात होताच. अर्धा किलो मका, दीड लिटर पाणी, साधारण चमचाभर खायचा चुना (भिंतीचा नव्हे!), स्टीलच्या पातेल्यात पाऊण तास. सकाळी तीन-चार पाण्यांनी धुतला, पाट्यावर वाटला, प्लॅस्टिकमध्ये दाबून तव्यावर टाकला, मग दुमडून तळला.

नाही मोडला! आत राजमा, कांदा, टोमॅटो, बारीक चिरलेला कोबी.

आत्यानं एक घास खाल्ला, चंचीकडे बघितलं आणि म्हणाली, "बघ की रे. इतकी वर्षं आम्ही हा नुसता तंबाखूलाच लावला!"