जुन्या स्पोर्ट्स कारचे सस्पेन्शन आणि ब्रेक : सुटे भाग कसे ओळखावेत?

जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर आणताना रंग आणि इंजिन यांकडे सर्वाधिक लक्ष दिले जाते. मोटार ज्यांच्या आधारे वळते आणि थांबते, ते सस्पेन्शन व ब्रेकचे भाग मात्र पुष्कळदा 'दिसायला सारखा' एवढ्याच निकषावर बसविले जातात. धाराशिवसारख्या जिल्ह्यात असे भाग बहुधा पुण्याच्या नाना पेठेतून किंवा मुंबईच्या चोरबाजारातून आणावे लागतात. तेथे पारख करण्याची जबाबदारी खरेदीदाराचीच असते आणि चुकीच्या भागाची परीक्षा बालाघाटाच्या उतारावर होते.

साम्य कोठे फसवते?

ब्रिटनमधील ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२ ते १९८०) ही दोन आसनी स्पोर्ट्स कार हेरल्डच्या सांगाड्यावरून तयार झाली. तीच हेरल्ड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून भारतात बनविली. त्यामुळे स्पिटफायरसाठी हेरल्डचे भाग शोधले जाणे स्वाभाविक आहे. दोहोंच्या पुढील चाकांना दुहेरी विशबोन व कॉइल स्प्रिंग आहे. मात्र भारतीय हेरल्डला चारही चाकांवर ड्रम ब्रेक, तर स्पिटफायरला पुढे डिस्क ब्रेक. म्हणून मास्टर सिलिंडरसह ब्रेकचे भाग परस्परांत बदलू नयेत.

मागील बाजूस आडवा पाटा आणि स्विंग ॲक्सल ही हेरल्डची खूण. वेगात वळताना अशा ॲक्सलमुळे मागील चाक आत दुमडू शकते. स्पिटफायर मार्क ४ मध्ये (१९७०) पाट्याची बांधणीच बदलण्यात आली. १९७२ च्या स्टँडर्ड गझेलमध्ये तर स्विंग ॲक्सलऐवजी अखंड ॲक्सल आला. हे तिन्ही मागील संच वेगवेगळे आहेत.

एमजी बी (१९६२ ते १९८०) या मोटारीच्या पुढील सस्पेन्शनमध्ये लिव्हर पद्धतीच्या शॉकॲब्सॉर्बरचा दांडाच वरच्या विशबोनचे काम करतो. त्याला गळती असेल, तर केवळ 'शॉकअप' खराब आहे असे न समजता तो चाकाच्या आधाराचाच भाग मानावा.

डावे आणि उजवे

हेरल्ड-स्पिटफायरच्या खालच्या विशबोनवर चाकाचा उभा दुवा धरणारा पितळी तुकडा असतो. त्याला ट्रनियन म्हणतात. उजव्या बाजूला उजवे आटे, डाव्या बाजूला डावे आटे. त्यात ग्रीस नव्हे, तर गिअर ऑइल घालावे, असे उत्पादकाचे निर्देश होते. तेल न मिळाल्यास आटे गंजून दुवा तुटतो आणि चाक कोसळते. डिस्कच्या कॅलिपरचीही बाजू ठरलेली असते. ब्लीडिंग निपल सर्वांत वर हवे. डावे-उजवे उलटल्यास ते खाली जाते, हवा आत अडकते आणि ब्रेक पेडल स्पंजासारखे दबते.

आटे आणि माप

ब्रिटिश ब्रेक पाइपचे ३/८ इंची नट आणि १० मिलिमीटरचे मेट्रिक नट जवळपास सारखे दिसतात. पहिल्याचा व्यास ९.५२५ मिलिमीटर असतो. तो मेट्रिक छिद्रात सैल बसतो आणि दाब येताच आटे सुटू शकतात. कुर्ल्यात बनलेल्या, मूळच्या फियाट असलेल्या प्रीमियर पद्मिनीचे आटे मेट्रिक असल्याने तिचे फिटिंग ब्रिटिश मोटारीला लावू नये. व्हील सिलिंडरचे अंतर्गत माप व्हर्निअरने घ्यावे. ते बदलले की पुढील-मागील ब्रेकचा समतोल ढळतो. ब्रेक फ्लुइडच्या जागी इंजिन ऑइल गेल्यास रबरी सील फुगतात.

ओळखीचा क्रम

प्रथम चेसिस नंबरवरून मॉडेल व वर्ष निश्चित करावे. नंतर त्या वर्षाच्या पार्ट्स कॅटलॉगमधील क्रमांक, भागावरील ओतीव क्रमांक, आटे, माप आणि बाजू क्रमाने पडताळावी. काढलेला जुना भाग नवीन बसेपर्यंत टाकून देऊ नये. तोच सर्वांत विश्वासार्ह नमुना असतो.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाची 'व्हीए' मालिकेत विंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. योग्य भागाची ओळख या नोंदणीपेक्षाही चालविणाऱ्याच्या आणि समोरून येणाऱ्याच्या जिवासाठी अधिक महत्त्वाची आहे.