परवान्याचं पुणे

हुकूमशाहीच्या काल्पनिक राज्यांचा विषय निघाला की मित्र ऑर्वेलचं नाव घेतात. मला सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर आठवतं. १६ डिसेंबर १९७२ रोजी तिथे 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. नाटक विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन आपल्या डॉ. जब्बार पटेलांचं.

इतिहासातला घाशीराम नाना फडणवीसांच्या काळात पुण्याचा कोतवाल होता. १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचलं. तेंडुलकरांनी एवढ्यावरून धाकाचं एक शहर उभं केलं. रात्री बाहेर पडायचं तर परवाना हवा. चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवतात. खरं-खोटं काय ते भाजलेले हात सांगणार! पण मला जास्त भीती वाटते ती माणसांच्या भिंतीची. गाणारे-नाचणारे ब्राह्मणच रांगेत उभे राहून पडदा होतात आणि मागे काय चाललंय ते झाकतात.

एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबलं. सरकारने बंदी घातली नव्हती. नानांची आणि ब्राह्मणांची बदनामी झाली अशी ओरड झाली, आणि प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या नाटक करणाऱ्या संस्थेनेच ते बंद केलं. आपल्याच समाजाला न रुचणारं लिहिणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल, मलाही वाटतं. कलावंत मात्र संस्थेतून बाहेर पडले, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकादमी काढली आणि ती भिंत पुन्हा रंगमंचावर आणली.