आकाश-छायाचित्रणासाठी विजेची निवड : व्होल्टपेक्षा ॲम्पिअर पाहा, ॲम्पिअरपेक्षा वायर

सातारा/सांगली : आकाशाची छायाचित्रे टिपण्याचा छंद आता केवळ महानगरांपुरता राहिलेला नाही. पावसाळ्याचे चार महिने वगळता सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या छंदासाठी अनुकूल रात्री मिळतात. पर्जन्यछायेतील माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत तर आकाश अधिक काळ निरभ्र असते. मात्र अमावास्येच्या मागेपुढे हाती येणाऱ्या मोजक्या रात्रींपैकी एखादी रात्र दुर्बिणीमुळे नव्हे, तर तिला वीज देणाऱ्या साध्या डबीमुळे वाया जाऊ शकते. मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पाच-पाच मिनिटांचे छत्तीस फोटो घ्यायचे, तर तीन तास वीज अखंड आणि स्थिर मिळावी लागते. त्यामुळे घराच्या गच्चीवरून किंवा शेतघराच्या अंगणातून निरीक्षण करणाऱ्यांनी वीजपुरवठ्याची निवड दुर्बिणीइतक्याच काळजीने करावी.

आधी बेरीज करा

घरात येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची प्रत्यावर्ती असते. खगोल छायाचित्रणाची बहुतेक उपकरणे १२ व्होल्ट एकदिश विजेवर चालतात. हे रूपांतर करणारे उपकरण घेताना पहिला प्रश्न विचारावा तो ॲम्पिअरचा. ताऱ्यांच्या गतीने दुर्बीण फिरवणारे माउंट वेगाने वळताना सुमारे ३ ॲम्पिअर, शीतकरणाची सोय असलेला कॅमेरा ३, भिंगावर दव साचू न देणाऱ्या हीटर पट्ट्या २ आणि छोटा संगणक २ ॲम्पिअर घेतो, असे धरले तर कमाल मागणी १० ॲम्पिअर होते. प्रत्येक उपकरणाच्या पुस्तिकेतील आकडे घेऊन ही बेरीज स्वतः करावी आणि तिच्यावर किमान तीस-चाळीस टक्के राखीव क्षमता ठेवावी. वरील उदाहरणात १५ ॲम्पिअरचा पुरवठा योग्य ठरतो. कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात हिवाळ्यात दव अधिक पडते. तेथे हीटरचा भार जास्त धरावा.

क्षमता जास्त असल्याने उपकरण बिघडत नाही; उपकरण आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेते. व्होल्टेजचे मात्र तसे नाही. ते ठरलेल्या मर्यादेतच हवे. अनेक माउंट आणि कॅमेऱ्यांना साधारण ११ ते १५ व्होल्टची मर्यादा असते. डीएसएलआर कॅमेऱ्याला तर १२ व्होल्ट थेट कधीही देऊ नयेत. त्याच्या बॅटरीचे व्होल्टेज त्याहून कमी असते आणि त्यासाठी बॅटरीच्या आकाराचा स्वतंत्र अडॅप्टर मिळतो.

कोणता पुरवठा घ्यावा?

बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. ट्रान्सफॉर्मरवर आधारित लिनिअर पुरवठा जड असतो, तापतो, पण त्याची वीज अतिशय स्वच्छ असते. एसएमपीएस प्रकार हलका आणि कार्यक्षम असतो. मात्र निकृष्ट दर्जाच्या एसएमपीएसमधील विद्युत गोंगाट कॅमेऱ्याच्या चित्रात पट्ट्यांच्या रूपाने उमटू शकतो. सीसीटीव्हीसाठी मिळणारी जाळीदार धातूची पेटी स्वस्त पडते, पण तिचे स्क्रू-टर्मिनल उघडे असतात. ती दवात ठेवणे धोक्याचे आहे. हौशी रेडिओचालक वापरतात तो १३.८ व्होल्टचा रेग्युलेटेड पुरवठा या कामास उत्तम ठरतो. शेतीपंप सुरू-बंद होताना ज्या गावांत दाब खालीवर होतो, तेथे ९० ते २६४ व्होल्टपर्यंत चालणारा एसएमपीएस निवडावा. बॅटरी चार्जरचा मात्र पुरवठा म्हणून वापर करू नये. त्याचे व्होल्टेज स्थिर नसते.

वायरमध्ये हरवणारे व्होल्ट

सर्वाधिक फसगत होते ती वायरीत. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. पुरवठा जिन्याच्या खोलीत आणि दुर्बीण १० मीटर अंतरावर असेल, तर जाऊन-येऊन वायर २० मीटर होते. तिच्यातून १० ॲम्पिअर वाहिले की जवळपास २.४ व्होल्ट वाटेतच जातात आणि दुर्बिणीपाशी ९.६ व्होल्टच पोहोचतात. मग माउंट अडखळते किंवा कॅमेऱ्याचा संपर्क तुटतो, आणि दोष उपकरणाला दिला जातो. चार चौरस मिलिमीटरची वायर वापरल्यास ही घट एका व्होल्टवर येते. मुळाशी १३.८ व्होल्ट असतील, तर टोकाला १२.८ मिळतात.

२३० व्होल्टची वायर दुर्बिणीपर्यंत नेली, तर ही घट नगण्य ठरते. पण दवाने भिजलेल्या गवतावर अनवाणी उभ्या असलेल्या माणसासाठी ती जीवघेणी ठरू शकते. म्हणून पुरवठा कोरड्या, हवेशीर जागी आत ठेवावा आणि बाहेर फक्त १२ व्होल्टची जाड वायर न्यावी. ज्या सॉकेटवरून वीज घ्यायची त्यावर ३० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी असावे. जुन्या वाड्यांत तीन छिद्रांचे सॉकेट असले तरी अर्थिंग जोडलेले असेलच असे नाही. ते वायरमनकडून तपासून घ्यावे. एसएमपीएस प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये, तो तापतो. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाचे ढग दिसताच प्लग काढून ठेवावा.

वीज गेली तर?

क्षणभर वीज खंडित झाली तरी माउंटचे जुळवलेले स्थान हरवते आणि सारी मांडणी पुन्हा करावी लागते. यावर उपाय म्हणजे पुरवठा आणि दुर्बीण यांच्यामध्ये प्रवाहावर मर्यादा घालणाऱ्या चार्जिंग सर्किटसह १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी. सरासरी ५ ॲम्पिअर घेणारी सामग्री २६ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीवर निम्मा साठा राखूनही अडीच तास चालू शकते. बॅटरीलगत आणि प्रत्येक शाखेवर मोटारीत असतो तसा फ्यूज बसवावा.

जोडणीपूर्वी मल्टिमीटरने धन-ऋण टोके तपासावीत. बहुतेक खगोल उपकरणांत पिनचा मध्यभाग धन असतो, तरी पुस्तिका पाहावी. पिन ५.५ बाय २.१ मिलिमीटरची की २.५ची, हेही पाहावे. सैल पिन मध्यरात्री दगा देते. अमावास्येपूर्वी एका संध्याकाळी सर्व उपकरणे पूर्ण भारावर दोन तास चालवून दुर्बिणीच्या टोकाशी व्होल्टेज मोजावे. तेथे १२ व्होल्टच्या आसपास किंवा किंचित अधिक आकडा स्थिर राहिला आणि वायर, प्लग व पेटी हाताला चटका देत नसतील, तर निवड योग्य झाली असे समजावे.