घसारा

बी.कॉम.ला आम्हांला हिशेबशास्त्र शिकवणारे सर ‘घसारा’ हा शब्द इतका लांबवून उच्चारायचे की वर्गातली निम्मी मुलं तास संपेपर्यंत झिजून मागच्या दाराने नाहीशी होत. मी राहिलो. पुढे बँकेत चिकटलो आणि झिजायची सोय कायमची झाली.

घसारा काढायच्या दोन पद्धती. सरळ रेषेच्या पद्धतीत यंत्राची किंमत दरवर्षी सारखीच उतरते आणि ठरल्या वर्षी वहीत फक्त भंगाराची किंमत उरते. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीत उरलेल्या रकमेतून दरसाल ठरावीक टक्के कापायचे. यात गंमत अशी की किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. सासुरवाडीतल्या मानासारखी.

१५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची जुनी, डिझेलवरची शेवटची साधी डबलडेकर रस्त्यावरून उतरणार अशी बातमी आली, तेव्हा सरकारने तिला सरळ रेषा लावली होती. पंधरा वर्षं आणि बस्स. मी मात्र घटती शिल्लक धरून बसलो होतो.

सवारी म्हातारी होणं मुंबईला नवीन नाही. १८७४ साली ९ मे रोजी इथे पहिली ट्राम धावली ती घोड्यांची. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे, आणि सुरुवातीला तिकीटच देत नसत. (आमच्या ऑडिटरांना हे कळलं तर ते आजही वसुली काढतील.) १९०७ साली विजेची ट्राम आली. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुटली, तेव्हा लोक तिच्याकडे संशयाने बघत होते म्हणतात. १९३७ साली बसवर दुसरा मजला चढला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर-दादर करून ट्राम झोपली ती झोपलीच. त्या मानाने ट्रॉलीबस बिचारी १९६२ ला आली आणि १९७१ ला गेली; तिचा प्रोबेशन पीरियडच धड पुरा झाला नाही.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, बेस्टमध्ये फिटर होते. जन्म ऑगस्ट १९४७. त्याच महिन्यात ७ तारखेला बेस्ट कंपनी महापालिकेच्या ताब्यात गेली, त्यामुळे ते देशापेक्षा बेस्टचा वाढदिवस जास्त लक्षात ठेवतात. बस म्हटली की लोकांना वरच्या मजल्यावरची पुढची सीट आठवते. ती मोकळी खिडकी, तोंडावर आपटणारा वारा, झाडाच्या फांद्या काचेला फटका मारून जातात आणि आपण उगीचच डोकं खाली घालतो, ते सगळं. अण्णांना आठवतो तो बसचा पोटाकडचा भाग. ‘‘वरून काय दिसणार? खालून बघ,’’ हे त्यांचं तत्त्वज्ञान. लग्नाच्या मुली बघायलाही त्यांनी हेच लावलं असतं, पण आई वेळेवर भेटली.

डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर उभं राहायला बंदी का, हे मी लहानपणी त्यांना विचारलं होतं. त्यांनी दोन हंडे डोक्यावर घेतलेली बाई दाखवली. ‘‘वरचा हंडा डचमळला की बघ कशी चालते ती.’’ पुढे मी वाचलं की लंडनकडे दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर माणसांच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवून ती अठ्ठावीस अंशांपर्यंत कलती करून बघतात. पण ती परीक्षा नव्या गाडीची. गाडी जुनी झाली की पाटे बसतात, एकीकडचा एखादा पान तुटतो, खारी हवा सांगाड्यात शिरते. कितीही रंग दिला तरी गंज आतून आपलं काम करत असतो. वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं, तेलाची गळती तापलेल्या नळीवर ठिबकते. आठ वर्षांपुढे गाडीला दरसाल फिटनेसचा दाखला लागतो तो उगीच नाही. आम्हां बँकवाल्यांना मात्र निवृत्तीपर्यंत कोणी विचारत नाही.

आता एक सांगायचंय. २००९ ते २०१२ माझी बदली एका शहरात होती. नाव सांगत नाही, कारण तिथल्या शहर बससेवेचं खातं आमच्याच शाखेत होतं. कर्जाच्या फायलीबरोबर त्यांचा ताळेबंद माझ्या टेबलावर यायचा. त्यात वाहनांच्या यादीत कित्येक गाड्यांपुढे किंमत लिहिलेली असे: एक रुपया. घसारा पुरा झाला, गाडी अजून धावतेय, म्हणून वहीत नावापुरता रुपया. बेरीज बरोबर होती. मी हिरव्या शाईने टिका मारत गेलो आणि शेजारच्या टेबलावर म्हणालो, ‘‘बघा, याला म्हणतात मालमत्ता. फुकटात धावतेय.’’ दोघेही हसलो. चहा झाला.

त्याच बसने मी घरी जायचो. तिला दार होतं, पण ते सुतळीने बांधलेलं. सकाळी ती ढकलल्याशिवाय सुरू होत नसे, म्हणून नेहमीचे प्रवासी आधी ढकलायचे आणि मग तिकीट काढायचे. आम्हांला त्याचं कौतुकच वाटायचं. जमिनीला एक भोक होतं, त्यातून रस्ता दिसायचा. लेकीला ते फार आवडे. ब्रेक हवेचे. हवेचा काटा पुरेसा वर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही असा नियम आहे, पण तो पाळायचा तर पहिली फेरी दुपारच्या जेवणाला सुटली असती.

२०१० च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी टेकडीच्या उतारावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि नुसतंच ‘फुस्स’ झालं. पुन्हा दाबला. फुस्सही झालं नाही. तो माणूस खरा. ओरडला नाही, उडी मारली नाही. कडाकड गिअर खाली आणत, हँडब्रेक खेचत, गाडी पदपथाला घासत नेली आणि बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातली. लेक माझ्या मांडीवर होती, तीन वर्षांची. तिचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. चार टाके पडले. केसांखाली आहेत अजून.

अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीच्या गाडीने उतरले. नातीला जवळ घेतलं, मग मला विचारलं, ‘‘गाडी कुठल्या सालची?’’ मला माहीत नव्हतं. मी सांगितलं ते मला माहीत होतं तेवढंच: ‘‘वहीत एक रुपया.’’

ते काही बोलले नाहीत. अण्णा बोलले असते तर बरं झालं असतं. नंतरच्या ताळेबंदावर टिका मारताना हिरवी शाई वापरली नाही, एवढा बदल मी केला. तो कोणाच्या लक्षात आला नाही.

तर सप्टेंबर २०२३. ऐन गणपतीच्या आधीचा शुक्रवार. साहेबांनी अर्धी रजा देताना कारण विचारलं, तेव्हा ‘घरात एक निरोप समारंभ आहे’ असं सांगितलं. अण्णा, मी आणि लेक अंधेरीला आगरकर चौकात. सीप्झकडे जाणारी ४१५ नंबरची गाडी. हार, फुगे, फोटो काढणाऱ्यांची झुंबड. एक गृहस्थ डोळे पुसत होते. मलाही गहिवर येऊ लागला, तेवढ्यात अण्णा म्हणाले, ‘‘रडतोस कुणासाठी? ही २००८ च्या आसपासची. तुझी लहानपणची केव्हाच मोडीत निघाली.’’

मी हिशेब केला. खरंच की. मी २००४ ला बँकेत लागलो. म्हणजे जिच्यासाठी माझा कंठ दाटला होता ती सेवाज्येष्ठतेत माझ्याखाली होती. माझ्या लहानपणच्या गाडीचं एव्हाना कुणाच्या तरी गॅलरीचं ग्रिल झालं असेल. बाकी नव्या डबलडेकर कोणी घेईना, कारण वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर लागायचे, त्यात खर्च फार, वेग कमी. नव्वदच्या दशकात सुमारे नऊशे होत्या, त्या अशा एकेक करून गळाल्या.

‘‘पण अण्णा, जुनी वाईट आणि नवी चांगली असंही नाही,’’ मी वकिली सुरू केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत भाडेतत्त्वावरच्या सीएनजी गाड्यांना महिन्याभरात तीनदा आग लागली होती आणि बेस्टने तसल्या चारशे गाड्या एकदम थांबवल्या होत्या. त्यांची काही पंधरा वर्षं भरली नव्हती.

‘‘थांबवल्या ना?’’ अण्णा म्हणाले. ‘‘मग झालं. थांबवणारा पाहिजे.’’

लेक जिन्याने धडाधड वर गेली. विजेवरची वातानुकूलित डबलडेकर फेब्रुवारीपासून सुरू झालीय, त्यात ती बसून आलेली. पण तिथे काचा बंद. वरून तिने खिडकीतून मान काढून हाक मारली, ‘‘बाबा, वारा बघा ना इथे!’’ मी म्हटलं, डोकं आत घे आधी.

अण्णा गाडीच्या मागे गेले होते. गुडघे दुखतात म्हणून देवळात खाली न बसणारा माणूस सेल्फी काढणाऱ्यांच्या पायांतून वाकून पाटे बघत होता. एक तरुण पोरगा त्यांना म्हणाला, ‘‘आजोबा, फोटोत येताय.’’

‘‘येऊ दे,’’ असं म्हणून त्यांनी टायरवर बुक्की मारली, कान लावल्यासारखं केलं, आणि उठले. हात पँटला पुसले.

कंडक्टरने विचारलं, ‘‘आजोबा, वर जायचंय? हात देऊ?’’

‘‘नको, मी खालीच बसतो,’’ अण्णा म्हणाले. ‘‘ब्रेक ऐकायचेत.’’

घंटेच्या दोन ठोक्यांवर गाडी हलली.