नौगावचा गांजा महाल

गांजाचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे येतात. एक धुनीजवळ चिलीम ओढणाऱ्या बैराग्याचे, दुसरे उसाच्या फडात लपवलेली झाडे उपटणाऱ्या पोलिसांचे. हेच पीक एकेकाळी परवाना काढून, सरकारच्या देखत, उघड्या रानात घेतले जात होते, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. आपल्या मुंबई इलाख्यात त्यासाठी नगर जिल्हा प्रसिद्ध होता. पण या पिकाची खरी राजधानी होती बंगालमध्ये, राजशाही जिल्ह्यातले नौगाव. आज ते बांगलादेशात आहे.

१८९३ साली इंग्रज सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी सात जणांचा आयोग नेमला. अध्यक्ष होते मॅकवर्थ यंग. आयोगाने देशभर हिंडून १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये जाडजूड अहवाल दिला. बेताने ओढणाऱ्यांचे फारसे बिघडत नाही, संपूर्ण बंदीची गरज नाही, लागवड आवरावी आणि कर घ्यावा, असा त्याचा निष्कर्ष. सदस्यांमध्ये ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय होते. ताहिरपूर राजशाहीतच येते. म्हणजे हे पीक त्यांच्या दाराशी होते. हा अहवाल नशेच्या वादात नेहमी उगाळला जातो. मला मात्र त्यातली शेतीची पाने अधिक मोलाची वाटतात.

राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा या तीन जिल्ह्यांच्या सांध्यावर, साधारण सोळा मैल त्रिज्येच्या टापूत ही लागवड चाले. त्याला ‘गांजा महाल’ म्हणत. शेत उंचावरचे लागे, माती हलकी, पाणी न साठणारी. वसंतापासून नांगरट सुरू होई, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. बाजूची ताजी माती खणून शेतात टाकायची, शेण घालायचे, पेंड घालायची. रोपे वेगळ्या वाफ्यात वाढवायची आणि पावसाळा सरता सरता वरंब्यांवर लावायची. पीक मातीतले फार ओढून घेते हे शेतकऱ्याला ठाऊक होते, म्हणून तो मातीला आधी द्यायचा. तेवढे जमीनही परत करत असे.

नोव्हेंबरच्या सुमारास शेतात एक माणूस येई, त्याला पोद्दार म्हणत. दुसरे नाव पारखदार. आपल्या ‘पारखी’ शब्दाचाच हा भाऊ. गांजाच्या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. मादीच्या तुऱ्यावर पराग पडला की तिचे बळ बी धरण्यात खर्च होते आणि ज्या चिकट राळेसाठी सारा खटाटोप करायचा ती घटते. म्हणून फुलण्याआधी नर ओळखून काढायचे. कोवळ्या झाडात हा भेद सहजासहजी दिसत नाही. पोद्दार सऱ्यांमधून चालत जाई आणि नराची झाडे मोडत पुढे सरके. इंग्रज अधिकारी त्याला ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. त्याच्याही नजरेतून एखादे झाड सुटायचेच, आणि त्याच्यामुळे जे थोडे बी धरे ते पुढच्या पेरणीला कामी येई.

आता गंमत अशी, की पराग वाऱ्यावर जातो आणि वाऱ्याला बांध कळत नाही. मी माझ्या शेतातले नर काढले आणि शेजाऱ्याने आळस केला, तर माझेही पीक गेले. म्हणजे हे पीक एकट्याने नीट घेताच येत नाही. सगळ्या शिवाराला एका शिस्तीत यावे लागते. गांजा महालाचे टिकणे मी तरी या एका गोष्टीला जोडतो.

शेतात एकी होती, बाजारात मात्र नव्हती. मराठीत ‘गांजणे’ म्हणजे छळणे. शब्दांचे नाते असो वा नसो, गांजा पिकवणारा शेतकरी दलालांनी आणि सावकारांनी चांगलाच गांजलेला होता. १९१७ साली नौगावच्या उत्पादकांची सहकारी सोसायटी स्थापन झाली. माल सोसायटीने घ्यायचा, ठरलेल्या दराने परवानेदार व्यापाऱ्यांना द्यायचा. मधले हात गेले. नफ्यातून शाळा आल्या, दवाखाने आले, रस्ते झाले, मशिदींना आणि मंदिरांनाही मदत मिळाली. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यांचे कौतुक होते ते योग्यच, पण प्रवरानगरच्या कारखान्याआधी तीन दशके हे घडत होते, आणि तेही गांजावर!

या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा द्यायचे कारण नाही. सरकारला जमिनीची माया नव्हती, महसुलाची होती. परवाना, मोजणी, पहारा, सरकारी कोठार, या साखळीत शेतकरी पुरता बांधलेला होता. पण लागवडीला हद्द पडली, आणि त्या हद्दीचा फायदा मातीलाही झाला.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामाखेरीजचा गांजा पंचवीस वर्षांत संपवण्याचे ठरले. भारतात १९८५ चा कायदा आला, बांगलादेशात १९८७ मध्ये लागवड बंद झाली. त्यानंतर काही देशांनी दारे उघडली, पण बरेचसे पीक रानात परतले नाही, बंद खोलीत गेले. दिव्यांचा सूर्य, यंत्राचा वारा. कोलोराडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये हिशेब मांडला: अमेरिकेत असा एक किलो सुका गांजा पिकवताना, ठिकाणानुसार, सुमारे २,३०० ते ५,२०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका वायू हवेत जातो. त्यातला मोठा वाटा खोलीची हवा तापवण्या-थंडावण्याचा आणि दिव्यांचा. उघड्यावर तेच ऊन आणि तोच वारा फुकट मिळतो. वाऱ्याबरोबर शेजाऱ्याचा पराग येतो, एवढीच त्याची किंमत.

नौगावात ती किंमत पोद्दाराच्या मजुरीत आणि शेजारधर्मात चुकती होत असे. सोसायटीच्या इमारती अजून त्या शहरात उभ्या आहेत. सऱ्यांमधून चालणारा पारखी मात्र आता अहवालाच्या पानांतच भेटतो.